शामरावनगरात घर घ्यायला सांगितलं कुणी?

विश्रामबागकर (धागा सुरू करणारे)

दर पावसाळ्यात सांगलीतल्या सखल शामरावनगरात तुंबलेल्या पाण्याचे फोटो फिरतात आणि खाली हमखास एक शेरा येतो: तिथं घर घ्यायला सांगितलं कुणी? माझं म्हणणं, जमिनीच्या भावानं सांगितलं. आणि तो भाव तसा होण्यात आपल्या नियमांचा मोठा हात आहे.

फॉन थ्यूनेन नावाच्या जर्मन जमीनदारानं १८२६ मध्ये एक हिशेब मांडला. बाजारापासून जमीन जितकी लांब, तितका माल वाहून नेण्याचा खर्च जास्त आणि तितका तिचा खंड कमी. म्हणून दूध-भाजीपाला बाजाराला लागून, धान्य पलीकडं, गुरं सगळ्यात लांब. १९६४ मध्ये विल्यम अलोन्सो यांनी तोच हिशेब शहराला लावला. दुकानदार, कारखानदार, घर शोधणारा, सगळेच जागेवर बोली लावतात. जवळ असण्याचा ज्याला जास्त फायदा, जागा त्याची. बाकीचे जाण्यायेण्याचा खर्च सोसून बाहेर सरकतात.

सांगलीत हे नुसत्या अंतरावर चालत नाही, उंचीवरही चालतं. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ वर धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ च्या वर गेलं होतं. म्हणून पेठेच्या जवळ असूनही काकानगर, सूर्यवंशी प्लॉट स्वस्त आणि लांबचं विश्रामबाग महाग. पुराची भीती भावात आधीच मुरलेली असते. ज्याच्याकडं पैसे आहेत तो उंचावर जातो, ज्याच्याकडं नाहीत त्याच्यासाठी सखल जागा उरते.

आता नियमांचं. रीतसर लेआउट पाडायचा तर एनए (शेतजमीन बिनशेती करणं), मोजणी, ठराविक रुंदीचे रस्ते, आणि क्षेत्र एकराच्या आसपास किंवा पुढं असलं की १० टक्के मोकळी जागा. गोष्टी सगळ्या चांगल्या, पण त्यांचा खर्च उरलेल्या प्लॉटवर चढतो. कुपवाड एमआयडीसीतल्या कामगाराला तो प्लॉट परवडत नाही. मग शेतकरी गुंठा गुंठा करून, नोटरी करून विकतो. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. त्यात गटाराला जागा सुटत नाही, कारण गटाराचे पैसे व्यवहारात कुणी धरलेलेच नसतात. पुढं सरकार असे प्लॉट आणि त्यावरची घरं नियमित करणारा गुंठेवारी कायदा आणतं. पहिला २००१ चा, त्याच वर्षाच्या सुरुवातीपर्यंतच्या बांधकामांसाठी. २०२१ मध्ये ती मर्यादा ३१ डिसेंबर २०२० पर्यंत ओढली. पुढचा घेणारा काय समजायचं ते समजतो.

माझी मागणी: छोटे प्लॉट कायदेशीर करा, त्यात फक्त रस्ता आणि गटाराचा आग्रह धरा, बाकी सोडा. सांगली-मिरज रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उंच बांधू द्या. आणि त्या रस्त्यावर दर दहा मिनिटांना बस हवी.

एक_गुंठा

साहेब, कळवळा कळला. पण आम्हाला कुणी पाठवलं न्हाई, आम्ही बघून गेलो. भाड्याच्या खोलीत वर्षाला भाडं वाढायचं, मालक कवाबी उठवणार. गुंठा घेतला, पहिल्या साली पत्र्याच्या दोन खोल्या, बोनस आला तसं जोतं वर घेतलं, पोरीच्या लग्नाआधी स्लॅब. फ्लॅटला बँक पगाराची स्लिप मागती. आमचा पगार रोजंदारीवर, स्लिप कुठनं आणू? तुमच्या उंच इमारतीत घर एकदम घ्यायला लागतं, हप्ता एकदम चालू. माझं घर माझ्या हातात पैसा येईल तसं वाढलं. आन् म्हस आठव्या मजल्यावर कुठं बांधू तेबी सांगा.

विश्रामबागकर

दादा, टप्प्याटप्प्यानं बांधण्याचा तुमचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. म्हणूनच छोटा प्लॉट कायदेशीर हवा म्हणतोय. उंच इमारती तुमच्यासाठी नाहीत. ज्यांना त्या परवडतात ते तिकडं गेले की तुमच्या गुंठ्यावर बोली लावायला येणार नाहीत.

बांधकामवाला_सां

उंच बांधू द्या, उंच बांधू द्या. आधी बघा की आता परवानगी आहे तेवढं तरी कुणी बांधतंय का! डिसेंबर २०२० च्या राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीत मूळ एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधता येतं ते) १.१, वर पैसे भरून मिळणारा प्रीमियम, वर टीडीआर म्हणजे दुसऱ्या जागेचा विकत घेतलेला बांधकाम हक्क, रस्ता जितका रुंद तितकं जास्त. विश्रामबागेत कितीतरी ठिकाणी हे सगळं न वापरता तीन मजल्यांवर थांबलेली कामं दाखवतो. कारण साधं आहे. उंची वाढली की लिफ्ट, आगीची यंत्रणा, जाड कॉलम, पार्किंगचा खालचा मजला, आणि चौरस फुटाचा बांधकाम खर्च चढत जातो. मुंबईत जमीन इतकी महाग की तो खर्च तिच्यापुढं काहीच नाही, म्हणून तिथं एफएसआय आवळला की घरं महागतात. सांगलीत जमीन अजून तेवढी महाग नाही. मुंबईचं औषध इथं देऊ नका.

गावभाग_पेठ

तुमच्या थ्यूनेन साहेबांना हळद माहीत नव्हती. मराठवाड्यातली, कर्नाटकातली हळद सांगलीत का येते? इथं पिकते म्हणून नव्हे. इथं घेणारे आहेत, तोलणारे आहेत, पॉलिश करणारे आहेत, उधारी ओळखणारे आहेत. एका ठिकाणी एकाच धंद्याची माणसं जमली की प्रत्येकाला दुसऱ्याचा फायदा होतो, हे अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० मध्ये लिहून ठेवलंय. भावाच्या गणितानं माणूस उंचावर जाईल, बाजार जात नाही. पूर्वी सांगलीजवळच्या हरिपूरला जमिनीखालच्या पेवांत हळद साठवायचे. २००५ च्या पुरात पेवांत पाणी शिरलं, मोठं नुकसान झालं, माल शीतगृहांत आणि गोदामांत गेला. सौदे मात्र सांगलीतच राहिले. तेव्हा 'पूररेषेतलं सगळं रिकामं करा' म्हणणाऱ्यांनी आधी सांगावं की बाजार उचलून कुठं नेणार. पेठेत एक दुकान हललं की शेजारची चार बसतात.

विश्रामबागकर

रिकामं करा असं मी कुठं म्हटलं? निळ्या रेषेच्या आत, म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या पातळीखाली, नवीन घरं नकोत, एवढंच. लाल रेषा १०० वर्षांच्या पुराची, तिथं अटी घालून चालेल. पेठेतला व्यापारी माल वर चढवून आठवडा काढतो. तळमजल्यावर राहणारं कुटुंब काढू शकत नाही.

कोल्हापूर_रोड

पुराला कारण कर्नाटकातलं अलमट्टी धरण. बाकी सगळी चर्चा फुकट.

विश्रामबागकर

२०१९ च्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीनं २०२० च्या अहवालात अलमट्टीला जबाबदार धरलं नाही. तुम्हाला ते पटत नसेल तर वेगळा धागा काढा, मी येतो. इथला प्रश्न असा आहे की पाणी कुठूनही येवो, ते येतं त्या जमिनीवर घर कोण घेतं आणि का.

मिरजकर

सगळी चर्चा 'सांगली मध्यभागी, बाकी बाहेर' असं धरून चाललीय. १९९८ मध्ये सांगली, मिरज, कुपवाड अशी तिघांची एक महापालिका झाली, पण मिरज म्हणजे सांगलीचं उपनगर नव्हे. डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये इथं दवाखाना काढला, त्यामागून डॉक्टर आले, औषधाची दुकानं आली, लॉज आले. आज कर्नाटकातला पेशंट सांगलीला न जाता थेट मिरजेला उतरतो. रेल्वेचं जंक्शनही इकडंच. दोन केंद्रं असली की दोन्ही टोकांचे भाव चढे आणि मधला पट्टाही चढा. विश्रामबाग महाग आहे ते निव्वळ उंचीमुळं नव्हे. तिथून सकाळी सांगली आणि दुपारी मिरज, दोन्ही जवळ पडतात.

आणि रस्त्याबद्दल. सांगली-मिरज रस्ता रुंद केला की मोकळा होईल असं वाटणाऱ्यांसाठी: अँथनी डाउन्स यांनी १९६२ मध्येच लिहिलं की गर्दीच्या वेळेचा रस्ता मोकळा केला की आजवर तो टाळणारे त्यावर येतात आणि तो पुन्हा भरतो. डुरांटन आणि टर्नर यांनी २०११ मध्ये अमेरिकेतल्या शहरांचे आकडे तपासले, तिथंही रस्त्यांची लांबी वाढेल त्याच प्रमाणात वाहनांची धाव वाढलेली दिसली. उपाय म्हणून सिंगापूरनं १९७५ मध्ये मध्यवस्तीत शिरायला पैसे लावले. इथं मारुती चौकात शिरायला पैसे लावून बघा, नगरसेवक दुसऱ्या दिवशी माजी होईल.

सिटीबसवाली

मिरजकर काका, पैसे लावायची गरजच नाही, बस वेळेवर आली तरी पुरे. मी रोज मिरजेहून सांगलीला येते. वडापची रिक्षा भरल्याशिवाय सुटत नाही, बस कधी येईल ते ठाऊक नाही. मग पहिला पगार झाला की प्रत्येक मुलगी हप्त्यावर स्कूटी घेते. बसला प्रवासी कमी म्हणून फेऱ्या कमी, फेऱ्या कमी म्हणून प्रवासी कमी. यात अर्थशास्त्रवाल्यांचं काय म्हणणं?

मिरजकर

म्हणणं हेच, की तुम्ही बसऐवजी स्कूटी घेतली की तुमचा वेळ वाचतो आणि मागं राहिलेल्या सगळ्यांची वाट बघणं वाढतं. म्हणून बसला आधी तोटा सोसून फेऱ्या वाढवाव्या लागतात. तो तोटा भरायचा कुणी, इथंच गाडी अडते.

विश्रामबागकर

तो भरायची जागा मला दिसते. बस सुरळीत झाली, रस्त्याला दिवे लागले, की लगतच्या जमिनीचा भाव वाढतो. मालकानं त्यासाठी काडीही हलवलेली नसते. हेन्री जॉर्ज १८७९ मध्ये हेच सांगत होते: कर इमारतीवर लावू नका, जमिनीच्या किमतीवर लावा. इमारतीवर कर लावला तर माणूस कमी बांधतो. जमिनीवर लावला तर जमीन काही पळून जात नाही. बांधकामवाले म्हणतात सांगलीत जमीन महाग नाही. मग शंभर फुटी रस्त्यालगत बाभळी उगवलेले मोकळे प्लॉट वर्षानुवर्षं कशासाठी धरून ठेवलेत? ते बाजारात आले तर कामगाराला शामरावनगरापेक्षा बरं काहीतरी मिळेल.

बांधकामवाला_सां

धरून ठेवलेत कारण निम्म्यांवर भावकीचे दावे आहेत. सातबाऱ्यावर आठ नावं, त्यातलं एक पुण्यात, एक सही करायला तयार नाही. कर तिप्पट केलात तरी तो प्लॉट विकला जाणार नाही, थकबाकी तेवढी वाढेल. आणि मोकळ्या जमिनीवर जबर कर लावला तर पहिला मरतो शहरालगतचा शेतकरी. त्याचं उसाचं रान हद्दीत आलं म्हणून त्यानं प्लॉटच्या भावानं कर भरायचा का?

विश्रामबागकर

पिकाखालची जमीन वगळा. लेआउट मंजूर होऊन पाच वर्षं झालेल्या रिकाम्या प्लॉटपुरता लावा. दाव्यातल्या प्लॉटचा कर साठू द्या, विक्रीच्या वेळी वसूल करा. भावकीचं भांडण पालिकेनं फुकटात का पोसायचं?

एक_गुंठा

प्लॉट बाजारात आला तरी आम्हाला मिळंल ह्याची ग्यारंटी काय? पुण्यातला कुणीतरी दोन शेजारी शेजारी घेणार आन् परत कुंपण घालणार. आमच्या गल्लीतनं लोकांनी वर्गणी काढून नाल्यापर्यंत पाइप टाकलाय, सा इंची. तिथनं पुढं नाला साफ करणं पालिकेचं काम. तुमचा जमिनीचा कर आला तर पयला रुपया त्या नाल्यावर खर्च होणार का विश्रामबागेतल्या दुभाजकावर, तेवढं लिहून द्या. मग मी बी तुमच्या बाजूनं.

गावभाग_पेठ

लिहून कोण देणार? आम्ही २००५ पासून मागतोय.