पहिले वेल्डिंग मशीन कोणते घेतले? कोकणातील हौशी कारागिरांचा अनुभव धागा

फाटकाची तुटलेली बिजागरी, कुंड्यांचे स्टँड, विहिरीवरची जाळी, पडवीतले बाकडे अशा कामांसाठी फॅब्रिकेटरची वाट पाहण्यापेक्षा आपले छोटे मशीन असावे, असे वाटणारे पुष्कळ जण आहेत. दुकानात गेल्यावर मात्र ‘दोनशे अँपिअर’, ‘अडीचशे अँपिअर’, म्हणजे मशीन जास्तीत जास्त किती करंट देते, एवढेच ऐकू येते. त्या आकड्यावरून मशीन निवडता येत नाही, असे माझे मत आहे. पण माझ्या मतापेक्षा प्रत्यक्ष वापरणाऱ्यांचे अनुभव अधिक उपयोगी पडतील. आपल्याकडे वीज कशी आहे, किती जाडीचे लोखंड जोडता आणि मशीनखेरीज कशावर खर्च झाला, हे कृपया सविस्तर लिहावे.

देवगड, आंबा बागायतदार

माझे सांगणे मशीनपेक्षा विजेबद्दल अधिक आहे. मी साधे सिंगल फेजवर चालणारे इन्व्हर्टर आर्क मशीन (इलेक्ट्रॉनिक सर्किटवर चालणारे हलके वेल्डिंग मशीन; घरातला बॅटरीचा इन्व्हर्टर नव्हे) घेतले. त्याचे वजन पाच किलोच्या आसपास असल्यामुळे ते खांद्याला अडकवून कलमांच्या बागेत नेता येते. कुंपणाचे अँगल, झेल्याची (आंबे उतरवायच्या जाळीची) लोखंडी कडी, पेट्या वाहायची ढकलगाडी अशी कामे त्यावर होतात आणि त्यासाठी अडीच मिलिमीटरचा रॉड (वितळून जोड भरणारी वेल्डिंगची कांडी) व ७० ते ८५ अँपिअर करंट पुरतो.

या करंटला मशीन घरच्या लाइनमधून साधारण १४ अँपिअर खेचते, म्हणजे सहा अँपिअरच्या साध्या प्लगचे हे काम नव्हे. सोळा अँपिअरचा पॉवर प्लग आणि त्याला साजेशी वायर व एमसीबी (जास्त करंट गेल्यास आपोआप बंद होणारा स्विच) हवीच. त्यात आमची मांगराची, म्हणजे बागेतल्या शेडची, खोली घरापासून ३० मीटरवर आहे. एक चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरने एवढे अंतर गाठले तर जाऊन-येऊन सुमारे १५ व्होल्ट वायरमध्येच खर्च होतात; अडीच चौरस मिलिमीटरची वायर घेतली तर ६ आणि चारची घेतली तर चारहूनही कमी. गावात संध्याकाळी व्होल्टेज मुळातच १९०–२०० वर उतरते, तेव्हा हे पंधरा व्होल्ट गेले की रॉड लोखंडाला चिकटू लागतो आणि बोल मशीनला लागतो. म्हणून मशीन घेताना ते किती व्होल्टपर्यंत चालेल, हे मागच्या पट्टीवर वाचावे. काहींवर २३० व्होल्टच्या खाली-वर १५ टक्के, म्हणजे साधारण १९५ ते २६५ अशी मर्यादा असते, तर काही मशीन १६० पर्यंत तग धरतात. आपल्या भागात दुसऱ्या प्रकारासाठी थोडे जास्त पैसे मोजणे मला योग्य वाटते. वायरचे भेंडोळे पूर्ण उलगडूनच काम करावे, कारण गुंडाळलेली वायर तापते.

रत्नागिरी, गृहिणी, कुंड्यांचे स्टँड आणि शोभेच्या वस्तू

माझे सगळे काम पातळ चौकोनी पाइपचे, १.२ ते १.६ मिलिमीटर जाडीचे. त्यामुळे मशीन वर किती जाते याऐवजी खाली किती स्थिर राहते, हे मी दुकानात पाहिले. दुकानदारांना विनंती करून दोन मिलिमीटरचा रॉड लावला, करंट ४५ अँपिअरवर आणला आणि भंगारातल्या पाइपच्या तुकड्यावर टाके (ठिपक्यासारखे छोटे जोड) मारून पाहिले. एका मशीनचा आर्क (रॉड व लोखंड यांमधली विजेची ज्योत) त्या करंटला सतत विझत होता, दुसऱ्याचा टिकत होता. वरचा आकडा दोन्हींवर सारखाच छापलेला होता! पातळ पाइपला सलग शिवण घालू नये. एक टाका इकडे, एक समोरच्या बाजूला, असे करत गेल्यास भोक पडत नाही आणि चौकट वाकडीही होत नाही.

जीआय (जस्ताचा थर दिलेल्या) पाइपबद्दल एक सूचना करते. त्यावरचा जस्ताचा थर जळताना पांढरा धूर निघतो आणि तो छातीत गेल्यास काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो. सांध्याच्या दोन्ही बाजूंचा थर ग्राइंडरने आधी काढावा, मोकळ्या हवेत बसावे, आणि शक्यतो अशा कामासाठी काळा (जस्त नसलेला) पाइपच आणावा.

चिपळूण, खेर्डीतील कारखान्यात नोकरी. घरी हौशी काम

सर्वजण इन्व्हर्टरची बाजू घेतील, म्हणून मी जुन्या ट्रान्सफॉर्मर मशीनची (आत वायरची वेटोळी, म्हणजे वाइंडिंग, असलेल्या जड मशीनची) बाजू मांडतो. आमच्याकडे तांब्याच्या वाइंडिंगचे वापरलेले मशीन होते आणि नंतर एक इन्व्हर्टरही आणले. २२ जुलै २०२१ च्या पुरात दोन्ही पाण्याखाली गेली. इन्व्हर्टरच्या सर्किट बोर्डावर गाळ बसला आणि तो दुरुस्त करण्याचा खर्च नव्या मशीनच्या जवळपास गेला. ट्रान्सफॉर्मर मात्र धुऊन, बरेच दिवस वाळवून, वायरमनकडून इन्सुलेशन तपासून घेतल्यावर पुन्हा चालू झाला.

असे असूनही घरगुती कामासाठी पहिले मशीन म्हणून मी तो कोणाला सुचवणार नाही. एक तर तो दोघांनी उचलावा लागतो. दुसरे म्हणजे असे बरेच मशीन दोन फेजवर, ४१५ व्होल्टवर चालणारे असतात, आणि घरचे कनेक्शन सिंगल फेज असते. जे २३० वर चालतात तेही इतका करंट ओढतात की आर्क लावताच शेजारच्या घरातला दिवा मंद होतो. ज्यांच्याकडे शेडला थ्री फेज आहे आणि जागाही आहे, त्यांनी जुन्या बाजारात जरूर पाहावे; पण वाइंडिंग तांब्याचे आहे की अॅल्युमिनियमचे, हे झाकण उघडून बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

*(धागाकर्ता : पुराचा मुद्दा महत्त्वाचा आहे. नदीकाठी किंवा खाडीलगत राहणाऱ्यांनी इन्व्हर्टर पावसाळ्यात माळ्यावर ठेवलेला बरा.)*

श्रीवर्धन

३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर आमच्याकडे कित्येक आठवडे वीज नव्हती आणि पत्र्यांच्या शेडचे सांगाडे मात्र सगळीकडे उभे करायचे होते. त्या वेळी जनरेटरवर मशीन चालवले. अडीच मिलिमीटरच्या रॉडसाठी पाच केव्हीएचा जनरेटर सोयीचा पडतो. त्याहून लहान जनरेटर आर्क लागताच दबतो, व्होल्टेज वर-खाली होते आणि त्याचा त्रास इन्व्हर्टरला होतो. जनरेटरवर चालण्याची परवानगी मशीनच्या पुस्तिकेत आहे का, हे खरेदीपूर्वी विचारावे.

कुडाळ, जुन्या गाड्यांचा छंद

मला पत्र्याचे काम करायचे होते, म्हणून मी आर्कऐवजी छोटे मिग मशीन (रॉडऐवजी रिळावरची तार आपोआप पुढे सरकवणारे) घेतले. दर साध्या मशीनच्या दुपटीहून अधिक. गाडीच्या एक मिलिमीटरच्या पत्र्याला रॉड झेपत नाही, तारेचे मशीन झेपते, एवढे एकच कारण. मात्र कोकणात त्याचे दोन प्रश्न आहेत आणि ते दुकानदार सांगत नाहीत.

पहिला वाऱ्याचा. सीओटू गॅसवर काम करताना दुपारी समुद्राकडून येणारा वारा गॅसचे आवरण उडवून नेतो आणि शिवणीत बारीक छिद्रे पडतात. त्यामुळे उघड्यावर मी फ्लक्स (जळून जोडाला आवरण देणारी पूड) भरलेली तार वापरतो, जिला गॅस लागत नाही. त्या तारेला ध्रुव उलटे लागतात, म्हणजे गन (तार सोडणारा हातातला भाग) ऋण टोकाला आणि अर्थ क्लॅम्प (लोखंडाला लावायचा चिमटा) धन टोकाला. हा बदल करण्याची सोय आत नसेल तर ‘गॅसशिवाय चालते’ या जाहिरातीला फारसा अर्थ उरत नाही.

दुसरा प्रश्न दमटपणाचा. तारेचे रीळ मशीनमध्येच ठेवले तर पावसाळ्यात त्यावर गंज चढतो, मग तार लायनरमध्ये (ती जाते त्या नळीत) अडकते. काम संपताच रीळ काढून हवाबंद डब्यात सिलिका जेलसह ठेवावे लागते. एवढा व्याप करण्याची तयारी नसेल, तर देवगडच्या काकांनी सांगितलेला मार्गच बरा.

मालवण

थोडक्यात लिहितो. आमचे घर किनाऱ्यालगत आहे. मशीनचा पंखा खारी हवा आत ओढतो, म्हणून वापर नसताना ते कोरड्या पेटीत ठेवतो. रॉडचे पाकीट उघडले की उरलेले रॉड घट्ट झाकणाच्या डब्यात जातात. ६०१३ जातीचा (नेहमीच्या कामाचा साधा) रॉड ओलसर झालाच तर साधारण १०० अंशांवर तासभर वाळवला की पुन्हा नीट चालतो. ७०१८ जातीच्या रॉडच्या नादी हौशी माणसाने सुरुवातीला लागू नये, कारण त्याला तीनशे अंशांच्या पुढची भट्टी लागते. जोड झाल्यावर खपली (जोडावर जमणारा कडक थर) झाडून त्याच दिवशी रेड ऑक्साइड (गंजरोधक रंग) मारावे. दुसऱ्या दिवशीपर्यंत थांबल्यास आधी गंज घासावा लागतो.

गुहागर, आयटीआयमधून निवृत्त निदेशक

वरचे अनुभव वाचले. ड्यूटी सायकलचा उल्लेख कोणी केला नाही, म्हणून तो करतो. ‘२०० अँपिअरला ६० टक्के’ याचा अर्थ दहा मिनिटांपैकी सहा मिनिटे जोडकाम आणि चार मिनिटे विश्रांती, तीही ४० अंश तापमान गृहीत धरून. हौशी माणसाने त्याची फार चिंता करू नये. अडीचचा रॉड मिनिटभरात संपतो, मग खपली झाडणे, नवा रॉड लावणे, माप पाहणे यात मशीनला आपसूक विश्रांती मिळते. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली मात्र मशीन लवकर तापून थांबेल. ते बिघडलेले नसते, पंखा चालू ठेवून थांबावे.

दहा हजारांचे अंदाजपत्रक असेल तर सगळे पैसे मशीनवर घालू नयेत. साडेसहा-सात हजारांचे मशीन घ्यावे आणि उरलेल्यात आपोआप काळे होणारे हेल्मेट, चामड्याचे लांब हातमोजे, चिपिंग हातोडी, तारेचा ब्रश व बरा अर्थ क्लॅम्प घ्यावा. स्वस्त मशीनबरोबर येणाऱ्या केबल आखूड असतात आणि पुष्कळदा तांब्याचा मुलामा दिलेल्या अॅल्युमिनियमच्या असतात. १६ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल घातली की तेच मशीन निराळे वाटते. हातात धरायची काळी काच घेणार असाल तर ११ नंबरची घ्यावी. उघड्या डोळ्यांनी आर्क पाहिल्यास त्रास लगेच होत नाही, रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखे होते, म्हणून घरातल्या मुलांना आधी दूर बसवावे. होल्डरवर (रॉड पकडायच्या मुठीवर) रॉड लावलेला नसतानाही ६० ते ८० व्होल्ट असतात, आणि ओल्या जमिनीवर घामेजल्या हाताला तेवढे धोक्याचे आहेत. पावसाळ्यात कोरडे हातमोजे, रबरी तळाचे बूट आणि पायाखाली लाकडी फळी असल्याशिवाय मी कोणत्याही विद्यार्थ्याला होल्डर हातात घेऊ दिला नाही.

आणि मशीन ऑनलाइन स्वस्त मिळाले तरी दुरुस्ती कुठे होणार, हे विचारून घ्यावे. आमच्या भागातून बोर्ड दुरुस्तीला कोल्हापूर किंवा मुंबईला पाठवावा लागतो. जवळच्या शहरातला दुकानदार पाचशे रुपये जास्त घेऊन ती जबाबदारी लेखी घेत असेल, तर मी त्याच्याकडूनच घेईन.