फोन खिशात असताना वेगळं हँडहेल्ड कशाला? माझं मत, घ्यावंच

लुईजी_कोथरूड

मागच्या आठवड्यात ऑफिसात डबा खाताना विषय निघाला आणि एक जण ठामपणे म्हणाला की पाच वर्षांत कन्सोल (टीव्हीला लावायचं गेमयंत्र) आणि हँडहेल्ड (हातात धरून खेळायचं) सगळं गुंडाळलं जाणार, फोनच सगळं करणार. हे मी २०११ पासून ऐकतोय म्हणून जरा सविस्तर लिहितो, पटत नसेल तर बिनधास्त खोडून काढा.

२०११ ला निन्टेंडोचा थ्रीडीएस २५० डॉलरला आला आणि सहा महिन्यांच्या आत किंमत १७० वर आणावी लागली, तेव्हाचे अध्यक्ष सातोरू इवाता यांनी स्वतःचा पगार निम्मा कापून घेतला. आयफोनने हँडहेल्ड संपवलं असं तेव्हा जो तो म्हणत होता. सोनीचा व्हिटा खरंच संपला, २०१९ ला बंद झाला. पण तोच थ्रीडीएस शेवटी साडेसात कोटींच्या वर गेला, त्यांचाच २०१७ चा स्विच १५ कोटींच्या पुढे गेला, आणि ५ जून २०२५ ला आलेला स्विच २ पहिल्या चार दिवसांत ३५ लाख खपला. मरायला टेकलेली वस्तू अशी खपत नाही.

आणि हे फोन कमजोर आहेत म्हणून झालेलं नाही. पहिल्या स्विचमधली चिप २०१५ ची, आजचे चांगले फोन कागदावर तिच्या कितीतरी पुढे. फरक दुसरीकडे आहे. एक म्हणजे बटणं. काचेवर खेळताना आपलेच अंगठे अर्धा स्क्रीन झाकतात आणि बोट नेमकं कुठे आहे ते न बघता कळत नाही. दुसरं, फोनला पंखा नसतो, अर्ध्या तासात तापतो मग स्वतःच वेग कमी करतो, आणि गेममध्ये बॅटरी उतरली की घरच्यांचा फोन लागत नाही.

पण माझ्यासाठी सगळ्यात मोठं कारण म्हणजे गेम संपतो. रात्री जेवण झाल्यावर मला चाळीस मिनिटं मिळतात, स्लीपमधून उठवलं की काल जिथे सोडलं तिथूनच चालू, महिन्या-दीड महिन्यात कथा संपते, दोन दिवस मनात घोळते आणि मग दुसरं काहीतरी सुरू करतो. फोनवरचा गेम संपू नये म्हणूनच बांधलेला असतो. रोज लॉगिन करा, एनर्जी भरायला थांबा, सीझन संपायच्या आत पास (पैसे देऊन घेतलेली बक्षिसांची यादी) पूर्ण करा. ज्या खेळाला शेवट नाही त्यात मला तरी सुख मिळत नाही.

रँकपुश_सांगली

दादा तुम्ही सगळं लिहिलंत पण पैशाचा हिशोब लिहिला नाहीत. निन्टेंडो भारतात अधिकृतपणे विकतच नाही, जे येतं ते ग्रे मार्केटमधून, म्हणजे कंपनीच्या वाटेने न आलेलं, मुंबईत लॅमिंग्टन रोडला नाहीतर ऑनलाइन, वॉरंटी दुकानदाराच्या शब्दावर. वर एकेक गेम चार-पाच हजाराला. माझा फोन १४ हजाराचा आहे आणि तो बाबांनी लॉकडाऊनमध्ये क्लाससाठी घेतला होता, गेमसाठी वेगळा एक रुपया घातलेला नाही. माझं स्क्वॉड म्हणजे मी, तासगावचा एक, पुण्यात होस्टेलला एक आणि चौथा सध्या फलटणला मामाकडे असतो तरी रोज रात्री नऊला येतो. दहावीनंतर आम्ही चौघं एका जागी भेटलोच नाही तरी रोज बोलतो, ते या गेममुळे. आता चौघांनी स्विच घ्यायचा म्हणजे किती झाले ते तुम्हीच मांडा.

आणि अंगठे स्क्रीन झाकतात म्हणून काचेवर खेळताच येत नाही असं म्हणू नका, चार बोटांचा क्लॉ (अंगठ्यांबरोबर तर्जनीही काचेवर) आणि जायरो (फोन हलवून नेम धरणं) लावून बसवायला मला आठ महिने लागलेत. गिटारवर हात बसवतात तसंच आहे ते. २०२१ ला बीजीएमआयच्या, म्हणजे पबजी मोबाईलच्या भारतातल्या अवताराच्या, पहिल्या मोठ्या स्पर्धेला एक कोटीचं बक्षीस होतं आणि त्यात खेळणारी बरीच पोरं आमच्यासारख्याच गावांतली होती. कन्सोलवर भारतात इतक्या पोरांना कधी संधी मिळाली ते सांगा.

ओवीची_आई

मी गेम खेळत नाही पण घरात अकरा वर्षांचा मुलगा आहे त्यामुळे लिहितेय. ओवीचा धाकटा भाऊ. फोनवरच्या एका फुकट गेममध्ये त्याने बंदुकीचा रंग मिळावा म्हणून क्रेट, म्हणजे पैसे देऊन उघडायच्या पेट्या, उघडल्या, एकात मिळालं नाही म्हणून दुसरी, मग तिसरी, माझा युपीआय पिन त्याला पाठ होता, तीन दिवसांत ६,४०० रुपये गेले. त्याला मी ओरडले, ते चुकलंच, पण नंतर तो गेम मी स्वतः दोन संध्याकाळ खेळून बघितला आणि मला रडू आलं. प्रत्येक पडद्यावर काहीतरी चमकतंय, दोन तासांत ऑफर संपणार म्हणून घड्याळ पळतंय, नेमकं काय मिळणार ते पैसे दिल्यावरच कळतं. मोठी माणसं ज्यात फसतात त्यात लहान मूल किती टिकणार?

सांगलीच्या मुला, तुमचं स्क्वॉड छान आहे, मित्र टिकलेत याचा आनंदच आहे. पण फुकट म्हणतात त्याचे पैसे कुणीतरी देतंच, आमच्या घरात ते आम्ही दिले.

बिल्ड_फेल_पुणे

मी मोबाईल गेमच बनवतो, नऊ वर्षं झाली, म्हणून आतली बाजू सांगतो. ताई, तुम्ही म्हणता ते खरं आहे आणि त्याची लाज मलाही वाटते, टीममध्ये यावरून भांडणं झालीत. रोज सकाळी आम्ही पहिल्यांदा बघतो ते रिटेन्शन, म्हणजे काल आलेल्यांपैकी आज किती परतले, सातव्या दिवशी किती राहिले. गेम चांगला झाला का हा प्रश्न मीटिंगमध्ये त्यानंतर येतो, कधी कधी येतच नाही.

पण लुईजी, पूर्ण किंमत देऊन विकत घ्यायचा गेम फोनवर का चालत नाही हेही बघा. खुद्द निन्टेंडोने करून बघितलं. डिसेंबर २०१६ ला मारिओ आयफोनवर आणला, थोडा भाग फुकट आणि एकदाच दहा डॉलर दिले की सगळा गेम तुमचा, पुढे काही मागणार नाही. डाउनलोड प्रचंड झाले पण नफा अपेक्षेइतका आला नाही असं कंपनीनेच २०१७ मध्ये सांगितलं. त्याच सुमाराला त्यांचाच फायर एम्ब्लेमचा गाचावाला, म्हणजे पैसे देऊन नशिबाने पात्रं मिळवायचा, गेम फोनवर आला आणि त्याने मारिओपेक्षा जास्त कमावलं. लोकांनी कुठल्या पद्धतीला पैसे दिले ते समोर आहे. आणि बहुतेक खेळणारे आम्हाला कधीच एक रुपया देत नाहीत, थोडे देतात त्यांच्यावर बाकीच्यांचा खेळ चालतो. सांगलीच्या पोराला जगातल्या कुणाहीबरोबर फुकट खेळता येतं ते त्यामुळेच.

पुण्याचीच गोष्ट घ्या. नॉडिंग हेड्सने राजी बनवला, देवी-असुरांची कथा, राजस्थानी वास्तू, सावल्यांच्या बाहुल्यांनी सांगितलेले प्रसंग. २०१७ ला लोकवर्गणी मागितली, ती पूर्ण झाली नाही. शेवटी ऑगस्ट २०२० ला गेम आला तो आधी स्विचवर, म्हणजे पुण्यात तयार झालेला गेम अशा यंत्रावर आला जे पुण्यातल्या दुकानात अधिकृतपणे मिळतच नाही. याउलट सुपरगेमिंगने, तेही पुण्यातलेच, इंडस फोनसाठी केला, २०२४ ला आला, फुकट. यातलं आपल्याकडच्या बाजाराला धरून काय आहे ते उघड आहे. मला राजीसारखं काम करायचंय, पण पगार दुसऱ्या प्रकारातून येतो.

जगभरातल्या गेमिंगच्या कमाईत जवळपास निम्मा वाटा आता मोबाईलचा आहे. तेव्हा कन्सोल मरणार नाही हे मान्य, पण नवीन माणूस गेमिंगमध्ये येतो तो फोनवरूनच, आणि त्यातले फार थोडे पुढे कन्सोल घेतात.

ओसाकावाला

इथे ओसाकात लोकलमध्ये बघितलं तर दहापैकी आठ माणसं फोनवर असतात, त्यातली बरीचशी गेम खेळत. तरीपण स्विच २ साठी निन्टेंडोने स्वतःच्या साइटवर लॉटरी काढली तेव्हा एकट्या जपानातून २२ लाख अर्ज आले, कंपनीच्या अध्यक्षांना माफी मागावी लागली की सगळ्यांना देता येणार नाही. आमच्या बिल्डिंगखालच्या बागेत शनिवारी चार-पाच पोरं बाकावर खांद्याला खांदा लावून स्विच घेऊन बसतात, एकाने चूक केली की बाकीचे ओरडतात. ह्याच पोरांकडे फोनही आहेत. फोनवरचा गेम ते घरी जाताना खेळतात, एकेकटे.

त्यामुळे कोण कोणाला मारणार हा प्रश्नच मला कळत नाही. गाडीतली वीस मिनिटं फोनची. बाकावरचे दोन तास हँडहेल्डचे.

रँकपुश_सांगली

ओसाकावाले दादा, जपानात पोरांकडे दोन्ही असतं. आमच्याकडे एकच घ्यायचं असतं, आणि एकच घ्यायचं तर फोनच येणार, कारण त्यावर फॉर्म भरायचे असतात, बसचं तिकीट काढायचं असतं, आईला व्हिडिओ कॉल करायचा असतो. ह्याच्यापुढे बटणांचं सुख कितीही खरं असलं तरी त्याचा नंबर नंतर लागतो.

जुनी_कॅसेट

मला एक वेगळा मुद्दा मांडायचाय तो म्हणजे आपण खेळलेलं आपल्याकडे राहतं का. नव्वदच्या दशकातला टीव्हीला लावायचा गेम माझ्याकडे अजून आहे, कॉन्ट्राची कॅसेट काढून परत नीट बसवली की आजही चालू होते, मागच्या मे महिन्यात भाचीबरोबर खेळलो. फोनवर बघा, २०१७ ला आयओएस ११ आलं आणि ३२ बिटचे सगळे जुने गेम एका अपडेटमध्ये उघडायचे बंद झाले, लोकांनी पैसे देऊन घेतलेले. इन्फिनिटी ब्लेड, ज्याच्यावर ॲपलने स्वतः स्टेजवरून फोनची ताकद दाखवली होती, तो २०१८ मध्ये स्टोअरवरून काढून टाकला. आणि सांगलीकर, तुमचा तो पबजी मोबाईल, २ सप्टेंबर २०२० ला बंदी आणि ३० ऑक्टोबरला आपल्याकडचे सर्व्हरच बंद. पुढे तोच बीजीएमआय म्हणून आला, २०२२ च्या जुलैमध्ये दहा कोटी युजर झाल्याचं जाहीर झालं आणि त्याच महिन्यात तो स्टोअरवरून गायब, परत यायला २०२३ चा मे उजाडला. ज्यावर तुम्ही आठ महिने हात बसवला ती गोष्ट एका दिवसात जाऊ शकते, याची भीती नाही वाटत?

रँकपुश_सांगली

वाटते ना. ३० ऑक्टोबरच्या रात्री आम्ही चौघं लॉबीत नुसते उभे होतो, मॅच पण लावली नाही. ते मी विसरलेलो नाही. पण तुमच्या बाजूला तरी काय सुरक्षित आहे? थ्रीडीएसचं ऑनलाइन दुकान निन्टेंडोने २७ मार्च २०२३ ला बंद केलं, जे गेम फक्त तिथेच मिळायचे ते आता कुणालाच विकत घेता येत नाहीत. स्विच २ च्या कित्येक कॅसेटमध्ये तर गेम नसतोच, नुसती किल्ली असते, खोचा आणि डाउनलोड करत बसा. मग कॅसेट कॅसेट म्हणून कसला अभिमान?

लुईजी_कोथरूड

हे मी पूर्ण मान्य करतो, किल्लीवाल्या कॅसेट हा माझ्या बाजूचा सगळ्यात दुखरा भाग आहे आणि तसे गेम मी घेत नाही. पण फरक उरतोच. थ्रीडीएसचं दुकान बंद झालं तरी ज्याच्याकडे कॅसेट होती त्याचा गेम बंद झाला नाही. पबजी मोबाईलचं तसं नव्हतं, सर्व्हर गेला की हातात काहीच नाही.

तुमच्या पैशाच्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही, आणि खरं सांगायचं तर आता मला फोनपेक्षा त्याचीच जास्त भीती वाटते. पूर्वी कन्सोल जुनं झालं की स्वस्त व्हायचं. सोनीचा पीएस टू (प्लेस्टेशन टू) २९९ डॉलरला आला तो २००९ पर्यंत ९९ ला मिळायला लागला, आपल्याकडे तो घराघरात गेला तो उशिरा आणि स्वस्त झाल्यावरच. पीएस फाईव्ह २०२० ला ४९९ ला आला आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत ५४९ झाला. पाच वर्षं जुनं यंत्र महाग होतंय, असं माझ्या आठवणीत कधी झालं नव्हतं, आणि आता डेटा सेंटरवाल्यांनी मेमरीचे भाव वर नेलेत म्हणजे पुढेही उतरायची आशा कमीच. उशिरा का होईना स्वस्तात घेणारा जो वर्ग होता, त्यातच मी होतो, त्यातच तुम्ही असता. कन्सोलवाल्यांनी हा वर्ग सोडून दिला तर फोनला दोष देऊन उपयोग नाही.

ओवीची_आई

एवढं सगळं वाचून आता सरळ विचारते. मुलाच्या फोनमधले गेम काढलेत, त्याला काहीतरी द्यायचंय, नवीन परवडणार नाही. सेकंडहँड घेताना काय बघायचं?

बिल्ड_फेल_पुणे

ताई, स्विच लाईट बघा, २०१९ चा आहे, फक्त हातात धरून खेळायचा, टीव्हीला लागत नाही, अकरा वर्षांच्या मुलाला पुरे. विकणाऱ्याकडे स्वतः जा, कुरियरने मागवू नका. सेटिंगमध्ये कंट्रोलरच्या भागात स्टिक कॅलिब्रेशन उघडा आणि स्टिक सोडल्यावर खूण बरोबर मधोमध परत येते का ते दोन्ही बाजूंनी चार-पाच वेळा बघा, आपोआप सरकत असेल तर सोडून द्या, कारण लाईटमध्ये स्टिक बाजूला निघत नाहीत, पूर्ण यंत्र उघडावं लागतं. एखादी कॅसेट बरोबर नेऊन तिथेच चालवून बघा. 'सगळे गेम फुकट भरून देतो' म्हणणाऱ्याकडून अजिबात घेऊ नका. आणि घरी आणलं की पेरेंटल कंट्रोल लावा, पण पिन या वेळी त्याला माहीत नसलेला ठेवा.

जुनी_कॅसेट

पहिला गेम दोघांनी मिळून खेळायचा घ्या. तुम्हीही बसा शेजारी.