सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाला नाशिकहून एकटीने जाण्याबाबत मदत हवी आहे

येत्या डिसेंबरमध्ये पुण्यातील सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाला मी नाशिकहून प्रथमच एकटी जाणार आहे. पं. भीमसेन जोशी यांनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ मध्ये सुरू केलेला हा महोत्सव मांडवात बसून एकदा तरी ऐकावा, ही माझी जुनी इच्छा आहे. सोबतीला कोणी मिळत नाही म्हणून ती आणखी पुढे ढकलायची नाही.

जाण्याचा प्रश्न नाही. एसटीत महिलांना अर्धे तिकीट असल्यामुळे खर्चही बेताचा आहे. मुक्काम मात्र एकाच रात्रीचा आणि तोही शिवाजीनगर भागात आहे, तर मैफल मुकुंदनगरला, म्हणजे तिथून काही किलोमीटर दूर. शेवटचे गायन अर्धवट सोडून उठणे मला फार जड जाईल. ओळखीच्या दोघींना विचारले, पण त्या दरवर्षी कुटुंबासह स्वतःच्या गाडीने जात असल्याने त्यांना माझ्या अडचणीचा अंदाज नव्हता.

गुडघेदुखीमुळे भारतीय बैठकीवर सलग चार-पाच तास बसणे मला शक्य नाही, त्यामुळे खुर्चीचेच तिकीट घेईन. माझ्याजवळ केवळ एक खांद्यावरची पिशवी आणि शाल असेल.

जे एकटे जाऊन आले आहेत, विशेषतः महिला, त्यांनी कृपया सांगावे: चहापाण्यासाठी किंवा प्रसाधनगृहात जाण्यासाठी उठल्यास शेजारच्या अनोळखी श्रोत्यांच्या भरवशावर जागा राहते का, आणि मैफल रात्री उशिरा संपल्यावर तेथून शिवाजीनगरला परतण्यासाठी रिक्षा सहज मिळते, की ती आधीच ठरवून ठेवावी लागते?