मदत हवी आहे: सागवानी टेबलचे पाय ४ इंच कमी करायचे आहेत

संत्रानगरी: जुनं सागवानी टेबल, उंची ३१ इंच. लॅपटॉपसाठी फार उंच पडतं. खुर्चीची बैठक १६ इंच. पाय चौकोनी, जरा बाहेर फाकलेले. ६ इंचांवर आडपट्टी आहे, वर ड्रॉवर. हातकरवतीने घरी जमेल का, की लकडगंजात (लाकूडबाजारात) न्यावं?

रंधावाला: घरीच होईल. पण आकडा आधी तपासा. टेबलच्या माथ्यापासून ड्रॉवरच्या तळापर्यंत किती?

संत्रानगरी: ५ इंच.

रंधावाला: मग ४ कापले तर ड्रॉवरखाली २२ उरतात आणि बैठकीवर फक्त ६. मांड्या घासतील. ३ च कापा. बैठक ते माथा १२ इंच, चालतं. आडपट्टीखालीही ३ इंच राहतील, पोछा जाईल.

फाकलेल्या पायावर टेपने ३ इंच मोजून गुण्याने (सुताराच्या काटकोनी पट्टीने) रेघ मारू नका. ती रेघ पायाला काटकोनात येते, जमिनीला समांतर येत नाही. टेबल पायांच्या कडांवर उभं राहील. टेबल सपाट जागी ठेवा, डुलत असेल तर पुठ्ठ्याचे तुकडे सरकवा, माथा लेव्हल बाटलीने (पाणसळीने) दोन्ही दिशांना बघा. १८ मिमी प्लायचे ४ तुकडे एकावर एक ठेवा (७२ मिमी), वर पेन्सिल आडवी. अर्ध्या पेन्सिलचे साडेतीन धरून साडेपंचाहत्तर, म्हणजे ३ इंचांना पाऊण मिमी कमी. चारही पायांना सारखंच कमी, त्यामुळे बिघडत नाही. हा ठोकळा सरकवत प्रत्येक पायाच्या चारही अंगांना रेघ फिरवा.

मग टेबल सतरंजीवर उलटं करा. रेघेवर मास्किंग टेप, त्यावरून धारदार सुरी. करवत टाकाऊ बाजूला ठेवून चारही अंगांनी ५-६ मिमी खाच पाडा, मगच आरपार जा. एकाच बाजूने कापत गेलात की करवत बाहेर पडताना कोपऱ्याचं सालपट घेऊन जाते.

वर्धारोड: कापल्यावर डुललं तर लगेच करवत उचलू नका भाऊ. एक पाय, मग दुसरा असं करत टेबलचा चौरंग होतो. आधी टेबल पाव फेरा वळवा. वेगळाच पाय उचलला गेला तर दोष फरशीचा. दरवेळी तोच पाय उचलला जात असेल, तर ज्या दोन तिरक्या समोरासमोरच्या (कर्णावरच्या) पायांवर टेबल झुलतं ते लांब आहेत. त्यांच्याखाली ८० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून ओढा, चार ओढींनी पुन्हा बघा.

संत्रानगरी: कापलेल्या तोंडाला काही लावायचं का?

रंधावाला: लावायचंच. पाणी तिथूनच चढतं. रोजचा पोछा, उन्हाळाभर कूलरचा ओलावा. कडा २ मिमी कानसा, नाहीतर ओढताना चिरफळी निघते. पहिला हात पातळ व्हार्निशचा, पिऊ द्या; मग आणखी दोन. पायांखाली लावायचे बूच स्क्रूचे असतील तर आधी बारीक भोक पाडा, थेट पिळलं तर पाय चिरतो. बुचांची उंची मात्र कापण्याआधीच मोजा, ५ मिमी सहज वाढतात.