जुन्या टीव्ही गेमची बंदूक नवीन एलईडी टीव्हीवर चालत नाहीये, बंदूक खराब का टीव्ही?

पेठेतला_मामा

लोकहो नमस्कार, जरा अर्जंट आहे म्हणून इथे विचारतोय. आमचा सदाशिव पेठेतला वाडा रिडेव्हलपमेंटला चाललाय, त्यामुळे गेले दोन रविवार माळा रिकामा करतोय आणि परवा एका पत्र्याच्या ट्रंकेत आईच्या जुन्या शालींखाली माझा लहानपणीचा टीव्ही गेम सापडला. तोच आपला कॅसेट घालायचा, दोन रिमोट, एक बंदूक, आणि '६४ इन १'ची पिवळी कॅसेट, स्टिकर अर्धं निघालेलं. अॅडॅप्टर नव्हता, तो तपकीर गल्लीतनं ९ व्होल्टचा आणला. कॅसेट चार-पाच वेळा काढून घालून शेवटी चित्र आलं! मारिओचं ते पहिलं म्युझिक वाजलं तेव्हा मी खरंच दोन मिनिटं काही बोललो नाही.

आता प्रॉब्लेम. भाचा आलाय नाशिकहून सुट्टीला, नऊ वर्षांचा आहे. रिमोटचे सगळे गेम आमच्या ४३ इंची एलईडीवर मस्त चालतात पण बदकांच्या गेममध्ये बंदुकीने एकही बदक पडत नाही. टीव्हीला नळी टेकवून मारलं तरी नाही. प्रत्येक वेळी तो कुत्रा गवतातनं वर येऊन हसतो आणि पोराला वाटतंय की त्याचाच नेम वाईट आहे, काल रडवेला झाला होता. मी म्हटलं बंदूक जुनी आहे रे, पण मलाच खात्री नाही.

दोन प्रश्न आहेत. एक, बंदूक खराब आहे का टीव्हीचा काही संबंध आहे? दुसरा, वाड्यात जुना २१ इंची डबा टीव्ही पडलाय, भंगारवाला रविवारी येणार आहे आणि २०० रुपये देतो म्हणालाय. देऊन टाकू का?

---

सोल्डरचा_धूर

मामा, सगळ्यात आधी भंगारवाल्याला फोन करून नाही म्हणून सांगा! तो डबा टीव्हीच तुमचं उत्तर आहे. आणि भाच्याला सांगा की त्याचा नेम एकदम बरोबर आहे, एलईडीवर जगातल्या कुठल्याही माणसाने मारलं तरी बदक पडणार नाही.

कारण सांगतो, जरा लांब होईल पण गोष्टच इतकी सुंदर आहे. आपल्याला लहानपणी वाटायचं की बंदुकीतनं काहीतरी किरण निघतो आणि टीव्हीला लागतो. उलटं आहे. बंदुकीतनं काहीच बाहेर जात नाही, नळीच्या टोकाला भिंग आहे आणि त्याच्यामागे उजेड ओळखणारा एक छोटा सेन्सर, म्हणजे ती बंदूक टीव्हीकडे नुसती बघत असते. तुम्ही ट्रिगर दाबलात की गेम एका फ्रेमपुरता (फ्रेम म्हणजे टीव्हीवरचं एक चित्र) अख्खा स्क्रीन काळा करतो आणि पुढच्या फ्रेमला जिथे बदक आहे तिथे एक पांढरा चौकोन काढतो. बंदुकीला आधी अंधार आणि मग उजेड दिसला तर गेम म्हणतो लागली. दोन बदकं असली तर चौकोन एकामागून एक दोन फ्रेममध्ये काढतो आणि कुठल्या फ्रेमला उजेड दिसला त्यावरून कुठलं बदक ते ठरतं. आपल्याकडच्या पाल सिस्टीममध्ये (टीव्ही सिग्नलची आपल्याकडची पद्धत) सेकंदाला ५० फ्रेम, म्हणजे एक फ्रेम २० मिलिसेकंदांची, अशा दोन-तीन फ्रेममध्ये हा सगळा निकाल लागतो. आधी काळा स्क्रीन का, तर कोणी ट्यूबलाइटकडे बंदूक धरून चीटिंग करू नये म्हणून. १९८४ सालचा गेम आहे हा, विचार करा.

आता एलईडीवर का नाही. पहिली गोष्ट म्हणजे नवीन टीव्ही आलेलं चित्र आधी डिजिटल करतो, मोठं करतो, साफसूफ करतो आणि मग दाखवतो, त्यात काही फ्रेम उशीर होतो. गेम ज्या क्षणी 'उजेड दिसला का' विचारतो तेव्हा तुमच्या टीव्हीवर अजून तो चौकोन आलेलाच नसतो. टीव्हीच्या सेटिंगमधला गेम मोड लावलात तर उशीर कमी होतो पण दुसरी अडचण राहतेच. डबा टीव्हीत मागून इलेक्ट्रॉनचा झोत येतो आणि डावीकडून उजवीकडे एकेक ओळ रंगवत वरनं खाली जातो, सेकंदाला १५,६२५ ओळी. प्रत्येक ठिपका क्षणभर चमकतो आणि लगेच विझायला लागतो. बंदुकीचं सर्किट या साधारण १५ हजारांच्या लुकलुकीवरच बसवलेलं असतं. एलईडीचा उजेड एकसारखा, त्यात ही लुकलुक नाही. स्वस्तातल्या कॉपी बंदुकांमध्ये हे सर्किट कधीकधी साधं असतं पण उशिराचा प्रॉब्लेम त्यांनाही आहेच.

बंदूक खराब आहे का ते आत्ता एलईडीवरही थोडंफार कळेल. ट्रिगर दाबल्यावर स्क्रीन क्षणभर काळा होऊन चमकतो का बघा. होत असेल तर ट्रिगर, वायर, पिन सगळं ठीक. सेन्सरचं मात्र डबा टीव्हीवरच कळेल.

---

कर्वेनगरची_ताई

वरच्या दादांनी इतकं छान समजावलंय की मी पहिल्यांदा वाचून नवऱ्याला वाचून दाखवलं. मी दोन गोष्टी सांगते ज्या मी स्वतः चुकलेय.

पहिली म्हणजे अॅडॅप्टर. नवीन आणलाय म्हणताय तर वापरायच्या आधी मल्टिमीटरने पिन तपासा, आतला भाग प्लस आहे का मायनस. जपानी मूळ मशीनचा (फॅमिकॉम, १५ जुलै १९८३ ला आलं ते) अॅडॅप्टर १० व्होल्टचा आणि आत मायनस होता, पण आपल्याकडे जी मशीन यायची ती त्याची तैवान-चीनकडची कॉपी, त्यात कोणी काय केलंय याचा भरवसा नाही. मशीनच्या सॉकेटजवळ छोटं चिन्ह कोरलेलं असतं, टॉर्च मारून बघा. तुमचं चालू झालंय म्हणजे बरोबरच असेल, पण दुसरा कोणी हे वाचून आपला गेम काढेल म्हणून लिहितेय. माझ्या भावाचं मशीन मी असंच उलट्या पिनेने जाळलं, लाडकं होतं त्याचं, आजही वाईट वाटतं.

दुसरी, कॅसेटमध्ये फुंकर मारू नका प्लीज!! आपण सगळे मारायचो आणि वाटायचं की त्यानेच चालतं. खरं तर कॅसेट काढून परत घातली की पिना नव्याने घासून टेकतात, चालते ती त्याने. फुंकरीतल्या ओलाव्याने उलट पिना काळ्या पडतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा, इअरबडवर थोडंसं घ्या आणि त्या सोनेरी पट्ट्या एकाच दिशेने पुसा, दुसऱ्या कोरड्या बडने परत पुसा, दहा मिनिटं वाळू द्या. माझ्या कॅसेटचे पहिले तीन बड अक्षरशः काजळासारखे काळे झाले होते. खोडरबर सांगतात बरेच जण, एकदा ठीक आहे पण नेहमी घासलंत तर वरचा मुलामा जातो.

आणि डबा टीव्ही चालू नाही झाला तर मागचं झाकण स्वतः उघडायचं नाही. कलर पिक्चर ट्यूबला २० हजार व्होल्टच्या वर लागतात आणि प्लग काढल्यावरही ट्यूबमध्ये चार्ज राहतो. घरात पोर आहे म्हणून मुद्दाम सांगतेय.

मी आमचा टीव्ही एक्सचेंजमध्ये दिला होता, दुकानवाल्याने ५०० रुपये कमी केले नवीनवर आणि मला तेव्हा फार शहाणपणाचं वाटलं. आता तसा शोधतेय तर मिळत नाही.

---

बाणेर_बाल्कनी

मला इथे थोडं वेगळं सांगायचंय. सगळ्यांचं प्रेम समजतं मला, माझंही बालपण त्याच गेमवर गेलंय, पण टू बीएचकेमध्ये वीस-पंचवीस किलोचा टीव्ही ठेवायचा कुठे हा खरा प्रश्न आहे. मामांचा वाडा पडणार, नवीन फ्लॅट मिळेपर्यंत भाड्याच्या घरात राहणार, तिथे हे धूड न्यायचं? लॅपटॉपवर एम्युलेटर (जुन्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्रॅम) टाका, त्यात बंदुकीच्या जागी माऊसने नेम धरता येतो आणि सगळं बरोबर चालतं कारण तिथे उजेड ओळखायची गरजच नाही, कर्सर कुठे आहे ते प्रोग्रॅमला माहीतच असतं. आणि बंदूक हातात धरायची हौसच असेल तर आता सिंडेनसारख्या कॅमेरावाल्या बंदुका आहेत, स्क्रीनच्या कडेने पांढरी चौकट दाखवतात आणि बंदुकीतला कॅमेरा ती चौकट बघून कुठे नेम आहे ते काढतो. एलईडीवर व्यवस्थित चालतात, फक्त बाहेरून मागवावी लागते आणि स्वस्त नाहीये.

पोराला गेम खेळायचाय, त्याला कुठल्या टीव्हीवर याच्याशी काय घेणंदेणं?

---

सोल्डरचा_धूर

@बाणेर_बाल्कनी जागेचं तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य, एम्युलेटर मीही वापरतो. पण इथे टीव्ही घरात आहे, मशीन आहे, बंदूक आहे, तिन्ही एकत्र असणं आता किती दुर्मिळ झालंय! आणि माऊसने बदक मारणं म्हणजे क्लिक करणं झालं हो, हात लांब करून एक डोळा मिटून नेम धरायचा तो गेम वेगळा. पोराला फरक पडतो, मी माझ्या पुतणीवर बघितलंय.

मामा, जोडताना लक्षात ठेवा. टीव्हीच्या मागे किंवा पुढे पिवळं आणि पांढरं सॉकेट असेल तर तेच वापरा. नसेल तर मशीनची अँटेनावाली वायर लावून चॅनेल हाताने ट्यून करावं लागेल, व्हीएचएफच्या खालच्या चॅनेलपासून सावकाश सुरुवात करा. ब्राइटनेस थोडा वाढवा कारण जुनी ट्यूब मंद होते. आणि टीव्हीवर '१०० हर्ट्झ' लिहिलंय का बघा, शेवटी शेवटी तसे डबे आले होते, त्यातही चित्र डिजिटल करून डबल केलेलं असतं त्यामुळे बंदूक चालत नाही. साधा जुना असेल तर उत्तम.

टीव्ही नाहीच चालला तर बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात चक्कर मारा. चालू करून दाखवल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. आणि कुठलाही बंद डबा फोडून टाकू नका, त्या काचेत शिसं असतं, ई-कचरावाल्यांकडेच द्या.

अजून एक गंमत भाच्याला दाखवा. फोनमध्ये स्लो-मोशनला २४० फ्रेमचा मोड असेल तर ट्रिगर दाबताना टीव्हीचं शूटिंग करा.

---

पेठेतला_मामा

अपडेट!!! उशीर झाला लिहायला, माफ करा, पण काल रात्री अकरापर्यंत खेळत होतो.

भंगारवाल्याला शनिवारीच नाही म्हटलं. टीव्ही दोघांनी मिळून माळ्याच्या खोलीतनं खाली आणला, जिन्यात एकदा टेकवला, शेजारचे काका आले हात लावायला. धूळ पुसली, बटण दाबलं तर आधी काहीच नाही, मग तो ओळखीचा 'टुंगऽ' असा आवाज आणि हळूहळू उजेड. भाच्याने हात काचेजवळ नेला तर हातावरचे केस उभे राहिले, तो किंचाळलाच, त्याने असा टीव्ही आयुष्यात पहिल्यांदा बघितला. १०० हर्ट्झ वगैरे काही लिहिलेलं नाहीये, पुढे पिवळं-पांढरं सॉकेट होतं. कॅसेट ताईंनी सांगितलं तशी अल्कोहोलने पुसली, आता पहिल्या झटक्यात लागते. अॅडॅप्टरही तपासला, बरोबर निघाला.

पहिलं बदक पडलं!! पहिल्याच गोळीत! भाचा बंदूक हातात तशीच धरून माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "मामा, मी सांगत होतो ना मी बरोबर मारतोय." मग आईने पण मारली दोन, बहात्तर वर्षांची आहे ती. आणि दुसऱ्याने रिमोट घेऊन बदकाला पळवता येतं हे मला तीस वर्षांत माहीत नव्हतं, कालच चुकून कळलं, ते कळल्यावर तर घरात नुसता दंगा.

स्लो-मोशनचं केलं. आधी डब्यावर. चित्र अख्खं दिसतच नाही हो, एक उजळ पट्टा वरनं खाली उतरत जातो, मग सगळं काळं, आणि मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन, तो पण वरून खाली भरत येतो. भाच्याने तो व्हिडिओ दहा-बारा वेळा मागेपुढे करून बघितला. मग त्याच्याच डोक्यातनं आलं म्हणून एलईडीवर पण केलं. बंदुकीच्या खटक्याचा आवाज व्हिडिओत येतो ना, तर डब्यावर खटक्यानंतर लगेच काळं होतं आणि एलईडीवर खटका वाजून गेल्यावर बदक आरामात उडत राहतं आणि मग कुठे काळं होतं. त्याने दोन्ही व्हिडिओ नाशिकला त्याच्या बाबांना पाठवले, खाली लिहिलं की नेम बरोबर होता, टीव्ही लेट होता.

बाणेरवाल्या दादा, तुमचं जागेचं म्हणणं डोक्यात आहे, भाड्याच्या घराचं अजून ठरलं नाहीये. पण टीव्ही माझ्याबरोबर येणार एवढं नक्की.

फक्त एक विचारायचंय. चित्राच्या उजव्या कोपऱ्यात जांभळा डाग दिसतोय, हाताएवढा. ट्यूब गेली का?

---

कर्वेनगरची_ताई

वाचून डोळ्यात पाणी आलं खरंच. भाच्याला शाबासकी सांगा माझ्याकडून, दोन्हीकडे शूटिंग करून ताडून बघायचं मोठ्यांना सुचत नाही.

ट्यूब नाही गेली. उजवीकडे जवळ स्पीकर ठेवलाय का?

---

पेठेतला_मामा

हो!! जुना टेपरेकॉर्डरचा मोठा स्पीकर, त्याच्यावरच मशीन ठेवलंय.

---

सोल्डरचा_धूर

मग तोच. स्पीकरच्या लोहचुंबकाने झोत वाकतो आणि रंग भलत्या ठिकाणी पडतात. स्पीकर चार फूट लांब करा, टीव्ही मागच्या स्विचवरनं अर्धा तास पूर्ण बंद ठेवा आणि मग चालू करा. तो जो 'टुंगऽ' आवाज आला म्हणालात ना, तो ट्यूबभोवतीच्या कॉइलचा, चालू होताना ती चुंबकाचा परिणाम पुसते, पण टीव्ही गार असेल तरच नीट काम करते, लगेच बंद-चालू करून उपयोग नाही. एकदा करून डाग फिका होईल, दोन-तीनदा करा म्हणजे जाईल. फोटो टाका उद्या.