भिगवणला काळ्या डोक्याचा मोठा कुरव दिसला. खरंच दुर्मीळ आहे का? आणि मुलांची फेरी कुठे न्यावी?

भीमाकाठचा_मास्तर

नमस्कार मंडळी. दौंड तालुक्यातल्या एका शाळेत मी विज्ञान शिकवतो. गेल्या रविवारी, मार्चच्या पहिल्याच आठवड्यात, आठवीतल्या सहा मुलांना घेऊन डिकसळच्या बाजूला उजनीच्या पाण्यावर गेलो होतो. शाळेच्या दोन दुर्बिणी आहेत, ८ बाय ४०च्या. त्या आळीपाळीने वापरतो.

सकाळी साडेसातच्या सुमारास जाळ्यांच्या खुंटांवर कुरव (सीगल) बसले होते, शंभर-सव्वाशे तरी असतील. आमच्यातली एक मुलगी म्हणाली, "सर, तो एक वेगळाय." मी आधी फारसं लक्ष दिलं नाही, पण तिने दुर्बीण सोडली नाही. मग मीही पाहिलं. बाकीच्या कुरवांच्या दीडपट तरी मोठा, जवळजवळ घारीएवढा. तो खुंटावर उतरला की शेजारचे दोघं-तिघं उठून लांब जात होते. तिने वहीत लिहिलं ते जसंच्या तसं देतो: "डोकं डांबरासारखं काळं. डोळ्याच्या वर आणि खाली पांढरी कड, खडूने ओढल्यासारखी. चोच जाड, पिवळी, टोकाकडे लाल आणि एक काळा पट्टा. पाय पिवळट. पाठ राखी. कपाळ चपटं."

फोटो मोबाईल दुर्बिणीला लावून काढलाय, त्यात आकाराखेरीज काही कळत नाही. आमच्या गावच्या ग्रुपवर टाकला तर एकाने ही नवीन जात आहे म्हटलं, दुसऱ्याने फोटोच खोटा ठरवला. एक गृहस्थ म्हणतात, उद्याच्या पेपरला बातमी देऊ, जागेसकट. मी त्यांना थांबवलंय.

हा कोणता पक्षी? दुर्मीळ असेल तर त्याची नोंद कुठे आणि कशी करायची? शिवाय येत्या रविवारी २२ मुलं यायची म्हणतायत. होडीत बसवू का काठावरूनच दाखवू? मुलं कधी अशी बाहेर पडलेली नाहीत, एकदाच नेलं आणि कंटाळली तर परत येणार नाहीत, याची मला काळजी वाटते.

सातारकर_७१

मास्तर, तो तपकिरी डोक्याचा कुरव असणार. मार्चमध्ये त्यांची डोकी काळपट होतात आणि नवीन माणसाला तो दुसराच पक्षी वाटतो. उजनीवर शेकड्यांनी असतात. बातमी देऊ नका, एवढंच सांगेन.

माळरान_इंदापूर

सातारकर दादा, तुमचं निम्मं बरोबर आहे. मार्चमध्ये डोकी बदलतात हे खरं. पण त्या मुलीने लिहिलेलं पुन्हा एकदा वाचा, उत्तर त्यातच आहे.

मी इंदापूरची. गेली १८ वर्षं हिवाळ्यात दर आठवड्याला एकदा तरी उजनीच्या काठावर जाते. थंडीत कुरव येतात तेव्हा त्यांची डोकी पांढरी असतात, कानाशी फक्त एक काळा ठिपका. फेब्रुवारी सरता सरता त्या ठिपक्याभोवती रंग धरायला लागतो. आधी मळल्यासारखं दिसतं, मग हळूहळू पूर्ण टोपडं होतं. पण ते टोपडं चॉकलेटी असतं, डांबरासारखं नव्हे, आणि चोच लालसर. तुमच्या पक्ष्याची चोच पिवळी, तिच्यावर काळा पट्टा, डोळ्याला वरखाली पांढरी कड, अंगाने घारीएवढा आणि कपाळ चपटं. हा मोठा काळ्या डोक्याचा कुरव. पक्षी बघणारे त्याला पॅलास गल म्हणतात. लहान कुरव साधारण कावळ्याएवढे, ४० सेंटीमीटरच्या आसपास. हा ६० सेंटीमीटरच्या पुढचा. काळी टोपी त्याला इतरांच्या आधी येते, म्हणून मार्चच्या सुरुवातीला तो असा एकदम उठून दिसतो.

आता दुर्मीळ का ते. जगाच्या हिशेबात नाही. कॅस्पियन समुद्रापासून मंगोलियापर्यंतच्या तळ्यांवर तो वीण करतो आणि हिवाळ्यात आपल्या किनाऱ्यांवर आणि मोठ्या जलाशयांवर येतो. उजनीवर काही हिवाळ्यांत मला एखाददुसरा दिसतो, काही हिवाळ्यांत एकही नाही. तेव्हा नवीन जात नाही, बातमीही नाही, पण आठवीतल्या मुलीने शंभर कुरवांतून तो एक वेगळा काढला याचं मोल मला बातमीपेक्षा जास्त वाटतं. मला स्वतःला तो ओळखायला चौथा हिवाळा लागला होता. तोपर्यंत मी कुरव म्हटलं की पुढच्या पक्ष्याकडे वळायचे.

म्हणून मुलांना माझं एकच सांगणं असतं. नेहमीचे पक्षी आधी पाठ करा. टिटवी, शेकाट्या, वंचक, चांदवा, लहान कुरव हे रोज बघून बघून कंटाळा येईपर्यंत बघा. मग वेगळा आला की तो आपणहून खटकतो. तिला खटकला तो असाच.

नोंद ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर करा. जागा, सुरुवातीची वेळ, किती वेळ पाहिलं आणि सगळे पक्षी मोजून, नुसता तो एकटा नको. नेहमीपेक्षा वेगळं काही टाकलं की तिथे खुलासा मागतात. त्या जागी मुलीचं वर्णन जसंच्या तसं लिहा, तिच्याच शब्दांत. धूसर फोटोपेक्षा ते कितीतरी पक्कं आहे.

नोंदीत एक अक्षरही वाढवायचं नाही, हे त्यांना आत्ताच सांगा. का ते सांगते. आपल्या खानदेशातला रानपिंगळा, म्हणजे एक लहान घुबड, १८८४ नंतर कुणाला सापडतच नव्हता. एका इंग्रज अधिकाऱ्याने तो १९१४ साली गुजरातेत मांडवीजवळ मिळाल्याचं सांगून नमुना दाखवला होता, म्हणून शोधणारे तिकडेही भटकत राहिले. पुढे पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयातले नमुने तपासून दाखवलं की तो नमुना मुळात जुन्या संग्रहातून चोरलेला होता आणि त्यावरची चिठ्ठी खोटी होती. ती नोंद बाजूला ठेवून जुन्या खऱ्या जागांच्या मागावर त्या आणि त्यांचे दोन सहकारी निघाले, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या जंगलात रानपिंगळा समोर बसलेला दिसला. ११३ वर्षांनी. मी हे शाळेत सांगते तेव्हा मुलं गप्प होऊन ऐकतात.

फेरीबद्दल रात्री लिहिते, घरी पाहुणे आलेत.

होडीवाला_डिकसळ

सर, आम्ही डिकसळचेच. वडील मासेमारी करायचे, मी हिवाळ्यात पक्षी दाखवायला होडी काढतो. तो मोठा कुरव मी पण पाहिलाय. आमच्याकडे त्याला वेगळं नाव नाही, सगळे कुरवच. पण तो दुसऱ्याच्या तोंडातला मासा काढून घेतो ते आम्हाला माहीत आहे.

२२ मुलं एका वेळी होडीत नकोत. एका होडीत सहा, जॅकेट घालून, आणि मोठं माणूस एक. बाकीची काठावर. पाळी बदलायची. पाणी खोल नाही असं लोक म्हणतात, पण जुन्या गावांच्या विहिरी खाली आहेत, कुठे काय ते आम्हालाच कळतं.

आणखी एक बोलतो, राग मानू नका. गेल्या महिन्यात एक पाहुणे आले होते, मोठा कॅमेरा. म्हणाले फ्लेमिंगोच्या थव्यात होडी घाल, उडताना फोटो पाहिजे, पैसे दुप्पट देतो. मी नाही म्हणालो तर दुसऱ्याची होडी केली. थवा तीन वेळा उठला आणि मग पार लांब गेला. त्या दिवशी नंतर आलेल्या एका शाळेच्या मुलांना एकही पक्षी जवळून दिसला नाही. तुमची मुलं आली तर मी लांबूनच इंजिन बंद करून बांबूने नेईन. पक्षी डोकं उलटं घालून चरत राहतो ते बघायला मिळतं. उडालेला तर टीव्हीवर पण दिसतो.

माळरान_इंदापूर

होडीवाले दादा, तुमच्यासारखे चार जण काठावर आहेत म्हणून अजून पक्षी टिकून आहेत. मार्चमध्ये हे पक्षी परतीच्या तयारीत असतात. अंगावर चरबी साठवायचे हेच दिवस. पट्टेरी राजहंसांना तर हिमालय ओलांडून तिबेटच्या पठारावर जायचंय. दर वेळी उठवलं की त्या साठ्यातलं जातं. मास्तर, मुलांना हे नुसतं "त्रास देऊ नका" म्हणून सांगू नका. राजहंस इथून कुठे जाणार ते नकाशावर बोटाने दाखवा.

आता रविवारचं. ६.३०ला काठावर पोचा, सूर्य पाठीशी येईल अशी जागा धरा. धरणातून पाणी सुटत गेलं की काठाचा गाळ उघडा पडतो आणि चिखलातले पक्षी तिथे उतरतात. गेल्या वर्षी पाणी जिथे होतं तिथे यंदा असेलच असं नाही, म्हणून आदल्या दिवशी दादांना विचारून जागा ठरवा. रोहितही (फ्लेमिंगो) म्हणूनच काही वर्षी डिसेंबरात येतात आणि धरण काठोकाठ भरलेलं असलं की उशिरा. गाळात लांब चोचीचे गॉडविट शोधा. हिवाळाभर मातकट असतात, पण आता काहींच्या गळ्यावर विटकरी रंग चढायला लागला असेल. तीच जात, एक रंगलेला आणि एक अजून राखाडी, शेजारी शेजारी चरताना दाखवलात की मुलांना पिसं बदलणं वेगळं शिकवावं लागत नाही.

साडेनऊपर्यंत थांबा, नंतर ऊन चढतं आणि पाण्यावर झळा दिसतात. दुपारी पळसदेवकडे नेऊ नका, उन्हात मुलं दमतील. त्यापेक्षा इंदापुरात कचेरीच्या चिंचांवर चित्रबलाकांची वसाहत आहे, सावलीत उभं राहून बघता येते. खाली उभं राहिलं की चोची वाजवल्याचा आवाज येतो. फक्त टोपी घाला, वरून काहीही पडतं.

संध्याकाळी परत निघायच्या आधी कुठलाही पळस किंवा सावर फुललेली दिसली तर तिथे दहा मिनिटं थांबा. भोरड्या (गुलाबी मैना) असणारच. तुमच्या मुलांनी त्यांना ज्वारीच्या माळ्यावरून गोफणीने हाकललं असेल. त्याच भोरड्या एप्रिलमध्ये कझाकस्तानकडे जातात आणि तिथे टोळ खाऊन पिल्लं वाढवतात, हे त्यांना तिथेच झाडाखाली सांगा.

निफाडची_वाट

उजनी लांब पडणाऱ्यांसाठी लिहिते. आम्ही नाशिककडचे लोक चापडगाव-खाणगाव थडीला जातो, नांदूर मधमेश्वर. गोदावरी आणि कादवेचा संगम. राज्यातली पहिली रामसर जागा, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ, २०२० साली जाहीर झालेली. तिथे मनोरे आहेत, होडी लागत नाही, लहान मुलांना सोपं पडतं. मार्चमध्ये बदकं कमी व्हायला लागतात, पण गेल्याच आठवड्यात आम्हाला थापट्या आणि तलवार बदकं भरपूर दिसली. मास्तर, त्या मुलीला आमच्याकडून शाबासकी सांगा.

सातारकर_७१

माळरान ताई, चोचीचा पट्टा मी वाचलाच नाही, नुसतं "काळं डोकं" वाचून उत्तर दिलं. चूक माझी. मास्तर, मुलीची क्षमा मागतो.

भीमाकाठचा_मास्तर

सगळ्यांचे मनापासून आभार. तुमची उत्तरं मी वर्गात वाचून दाखवली. सातारकर दादांचं शेवटचं तर तिने दोनदा वाचायला लावलं.

काल जाऊन आलो. १९ मुलं आली, तिघांना घरून सोडलं नाही. होडीवाल्या दादांनी सांगितल्याप्रमाणे तीन फेऱ्या केल्या, इंजिन बंद करून. रोहितांपासून आम्ही बरेच लांब होतो, पण थव्याचा तो बारीक आवाज येत होता, दूरवर गप्पा चालल्यासारखा. एकही पक्षी उठला नाही. काठावरच्या मुलांनी कुरव मोजायचं काम घेतलं: पूर्ण टोपडं आलेले ३४, अर्धवट ४१, अजून पांढऱ्या डोक्याचे २७. तीन गटांनी वेगवेगळं मोजलं, आकडे जुळले नाहीत, त्यावरून भांडण झालं, मग पुन्हा मोजलं. गॉडविट विटकरी रंगाचे सापडले, आठ.

मोठा कुरव दिसला नाही. त्या खुंटावर पाणकावळा पंख वाळवत बसला होता. मला वाटलं ती हिरमुसेल. तिने वहीत ओळ आखली आणि लिहिलं: "मोठा काळ्या डोक्याचा कुरव: ०. पाहण्याची वेळ ६.४० ते ९.२५. खुंट तोच."

मग म्हणाली, सर, पुढच्या रविवारी पण इथेच बसायचं ना? जागा बदलली तर कसं कळणार तो गेला की नाही ते.