मदत हवी आहे : लॉग शिकवायला पोरांच्या जवळचा प्रयोग

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात अकरावीला गणित शिकवते. घातांकी आणि लॉग फलनं पोरं पाठ करतात, पण "मॅडम, हे लागतं कुठं?" याचं उत्तर मला त्यांच्या जगातलं द्यायचं आहे.

सावकारी व्याज लगेच पटलं. शेकडा 3 रुपये महिना, व्याजावर व्याज. रक्कम दुप्पट व्हायला किती महिने? log 2 भागिले log 1.03, म्हणजे 0.3010 भागिले 0.0128. साडेतेवीस! लॉग टेबल घेऊन पोरांनीच काढलं. माती परीक्षणाच्या कार्डावरचा सामूही (pH, म्हणजे आम्ल-अल्कलीचं माप) कळला: 7 चा 8 झाला की हायड्रोजन आयन दहापट कमी. लोणारचं पाणी तर 10 च्या आसपास.

अडलंय ते प्रयोगात. गरम पाणी थंड होताना दर पाच मिनिटांनी तापमान घेतो. पाणी आणि हवेच्या तापमानातल्या फरकाचा लॉग काढला की आलेखात सरळ रेषा यायला पाहिजे. पण दुपारी टिनाखाली हवाच तापत जाते, रेषा वाकते. प्रत्येक वेळी हवेचंही तापमान घ्यावं, की प्रयोग सकाळीच करावा? गंजावर झाकण ठेवल्यानं फरक पडेल का? कोणी वर्गात करून पाहिलं असेल तर जरूर सांगा.